एकशे एकोणपन्नासाची बाकी

अख्ख्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे हिंदी मुलखातल्या सरांच्या मोहल्ल्यात, मला 'नंबर तोडणारी पोट्टी' म्हणत. पहिला दिवस सोडला तर सर स्वतः असं कधी म्हणाले नाहीत. दुसरा कोणी म्हणाला की मान खाली घालून ऐकून घेत. हे नाव मी सत्तावीस वर्षं मिरवलं. लग्न ठरताना सासरच्यांपुढे मिरवलं, नोकरीच्या मुलाखतीत मिरवलं, आणि आता मीच गणिताची मास्तरीण झाल्यावर दरवर्षी आठवीच्या नव्या वर्गापुढे मिरवत आले. आणि तो नंबर तुटलेलाच नव्हता हो! पण आधी सर सांगते. सर कळल्याशिवाय नंबर कळायचा नाही.

सर रेल्वेत होते. मालगाडी यार्डात येऊन उभी राहिली की तिच्या एकेका डब्यावरचा नंबर चालत चालत वहीत उतरवून घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. उन्हाळ्यात गुढियारीकडचे रूळ हात लावू देत नसत, आणि हे डोक्यावर ओला टॉवेल टाकून पन्नास-साठ डब्यांची लांबी पायी तुडवायचे. माझे बाबा तिथेच मालधक्क्यावर कारकून होते. ते सांगायचे, बाकीचे लोक नंबर लिहून मोकळे होतात, आणि हा माणूस मधेच थांबून डब्याकडे बघून हसतो. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतो, "हा फुटत नाही."

फुटणं म्हणजे भाग जाणं. जिला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच पुरतं भागू शकत नाही ती मूळ संख्या: सात, तेरा, एकोणीस अशा. सरांनी जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोनच ढीग केले होते, फुटणाऱ्या आणि न फुटणाऱ्या. गणपतीला एकवीस मोदक करायची काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, छाती नव्हती. "एकवीस काहून? सात त्रिक एकवीस, फुटते ना ते!" की झाले तेवीस. जपाच्या माळेत एकशे आठ मणी असतात, सरांनी एक जास्तीचा ओवून घेतला होता. काकू म्हणायच्या, "देवाला सगळं चालते, यांनाच नाही चालत." वयाचंही तेच. वय मूळ असेल त्या वर्षी जपून राहायचं! त्रेपन्नावं लागलं तेव्हा वर्षभर बसमध्ये पाय ठेवला नाही, सायकल हाणत फिरले. चौपन्न लागलं त्या दिवशी पाराभर सांगत सुटले की आता पाच वर्षं यमाची काही हिंमत नाही.

शिवी त्यांच्याकडे एकच होती. "एक्क्याण्णव!" कारण एक्क्याण्णव दिसायला मूळ दिसतं, आणि आतून निघतं सात गुणिले तेरा. गोड बोलून काम काढून घेणारा, तोंडावर वाहवा आणि पाठीमागे चुगली करणारा, असा कोणी भेटला की सर म्हणत, "पक्का एक्क्याण्णव आहे तो, सांभाळून राहा." आम्ही सगळी पोरं ती शिवी घरी घेऊन गेलो. माझ्या एका जावेला मी मनातल्या मनात अजून तेच म्हणते.

सकाळी कामावर जायच्या आधी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास सर शिकवणी घेत. बाहेरच्या खोलीत सतरंजी, समोर फळा, आणि फळ्याच्या बाजूच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं सरांच्या हातचे आकडे, एकाखाली एक:

७
७३
७३९
७३९३
७३९३९
७३९३९१
७३९३९१३
७३९३९१३३

नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी या भिंतीसमोर उभं करत. "शेवटचा नंबर वाच. आता उजवीकडचा आकडा झाक. उरलं ते मूळ आहे. अजून एक झाक. तेही मूळ. झाकत झाकत पार सातापर्यंत ये. एकही फुटत नाही!" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, आणि पोरगं बिचारं बघतच राहायचं. सर सातापासून निघाले होते. साताच्या पुढे कोणता आकडा ठेवला तर संख्या मूळच राहील, मग त्याच्यापुढे कोणता, असं करत ते वर्षानुवर्षं डब्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर भागाकार करत चढले होते. सात आकड्यांपर्यंत स्वतःच्या हातानं. आठव्यासाठी मात्र एक माणूस पुरेना. त्या नंबराला भागून पाहायला त्याच्या वर्गमुळापर्यंतचे, म्हणजे आठ हजार सहाशेपर्यंतचे, सगळे मूळ भाजक लावावे लागतात, आणि ते निघतात हजाराच्या वर. शंभराच्या आतले पंचवीस त्यांनी स्वतः केले. उरलेले आमच्यावर आले.

कारण सर शिकवणीचे पैसे घेत नसत. नारळ नाही, शाल नाही, पेढे नाहीत. गुरुपौर्णिमेला प्रत्येकानं एक भागाकार करून आणायचा, हीच दक्षिणा. भाजक सर देत, पोराच्या तोंडाकडे बघून. ज्याची मान ताठ त्याला चार आकडी, ज्याला गणित म्हटलं की घाम फुटतो त्याला तीन आकडी. वर्षाला चाळीस-पंचेचाळीस भागाकार जमत. ही वीस-बावीस वर्षं चाललेली गोष्ट. अर्ध्या पाऱ्यानं लहानपणी त्या नंबराला एकेकदा भागून पाहिलं होतं आणि कोणाचीच बाकी शून्य आली नव्हती. मी शिकवणीला गेले तेव्हा तीन-चार गुरुपौर्णिमांचं काम शिल्लक होतं. तेवढं झालं की तो नंबर मूळ ठरला, मग सर नववा आकडा शोधायला निघणार. सगळ्यांना तोंडपाठ होतं हे.

आणि पोरानं कागद आणला की सर तो तपासत नसत! फक्त ताळा बघत. म्हणजे भाजकाच्या आकड्यांची बेरीज, एकच आकडा उरेपर्यंत, तशीच भागाकाराची, दोघांचा गुणाकार करायचा, त्यात बाकी मिळवायची, त्याचाही एक आकडा करायचा, आणि तो त्या मोठ्या नंबराच्या बेरजेशी जुळतो का पाहायचं. जुळला की ताळा जुळला, कागद पत्र्याच्या पेटीत. कोणी म्हणालं, सर, एकदा गुणून तर पाहा, तर भडकत. "आमचे मास्तर माझं एकेक गणित पुन्हा करून पाह्यचे, मी चोर असल्यावानी. मी नाही करणार तसं. ज्याचा भागाकार त्याचा शब्द." किती मोठं मन, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

मी बारा वर्षांची होते, सातवीत. गणिताचा तास आला की माझ्या पोटात खरंच दुखायचं. बाबा गुढियारीच्या आमच्या घरून मला सायकलवर पुढे बसवून आणायचे. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकशे एकोणपन्नास हातात दिला. "हा कोण्या भित्र्या पोरासाठीच ठेवला होता," म्हणाले.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी पायरीवर बसून तो भागाकार केला आणि बाकी आली शून्य. मला वाटलं चुकलं. वजाबाक्या पुन्हा तपासल्या, वरून खाली, खालून वर. शून्यच. आई म्हणाली राहू दे, सर काय मारतात थोडेच. दुसऱ्या दिवशी रांगेत उभी राहिले.

"बाकी?"

"शून्य."

मागं कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी माझा कागद घेतला आणि बोटांवर ताळा केला. एकशे एकोणपन्नासाचे पाच. माझ्या उत्तराचे चार. पाच चोक वीस, त्याचे दोन. नंबराचेही दोनच. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. मग सर उठले, माझ्यासमोर आले, आणि वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला.

माझ्या! बारा वर्षांच्या पोरीच्या! गुरुपौर्णिमेच्या दिवशी! काकूंनी दारातच तोंडाला पदर लावला. मी दोन पावलं मागे सरले आणि भिंतीला धडकले. सर उभे राहून सगळ्यांना म्हणाले, "पोट्टीनं नंबर तोडला. आजची गुरू हे आहे."

मग काय विचारता! बाबांनी मालधक्क्यावर पेढे वाटले. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, तूच का ती? आणि सरांना विचारायचे, "क्यों सर, इतने से नंबर से टूट गया? एकशे एकोणपन्नास? हे तर आधीच करून पाहायला पाहिजे होतं." सर म्हणत, हव, पाहायला पाहिजे होतं. चार दिवसांनी शिकवणीला गेले तर भिंतीवर चुना. त्यानंतर गुरुपौर्णिमेचे भागाकार बंद. सर शिकवत राहिले, पण परीक्षेपुरतं. कोणाला भिंतीसमोर उभं करणं नाही, चढा आवाज नाही. त्या वर्षी गणपतीला काकूंनी घाबरत घाबरत एकवीस मोदक केले, तर त्यांनी निमूटपणे आरती केली. लोक म्हणाले, चला, सुधारले एकदाचे. मी तर हवेतच होते. जिनं सरांचा नंबर तोडला तिला गणिताची कशाला भीती? ते पोटात दुखणं जे गेलं ते गेलंच. गणितातच शिकले, गणितातच नोकरी केली. माझं जे काही बरं झालं ते त्या शून्यावर झालं.

आणि यंदा उन्हाळ्याच्या सुट्या लागायच्या आदल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये आमचे कॉम्प्युटर शिकवणारे साहू सर म्हणाले, "मैडम, वो आपका नंबर बताइए ज़रा। बच्चों के लिए प्रोग्राम बनाया है, संख्या अभाज्य है कि नहीं बताता है। आपके नंबर पे दिखाऊँगा तो बच्चे खुश हो जाएँगे।"

मी ऐटीत सांगितला. त्यांनी टाकला, आणि पुन्हा एकदा टाकला.

"मैडम, ये तो प्राइम है।"

"तुमचा प्रोग्राम बिघडलेला आहे," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, रागात मला हिंदी सुचत नाही. मग त्यांनी फोनवर शोधलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. मला वाचून दाखवायला लागले, की हा नंबर तर दुनियाभरातल्या गणितवाल्यांना माहीत आहे. शेपटाकडून एकेक आकडा काढत गेलं तरी मूळच राहणाऱ्या संख्या मोजक्याच आहेत, आणि त्यांत सगळ्यात मोठी हीच. "इसके आगे कोई अंक लगता ही नहीं, मैडम। कुछ भी लगाओ, टूट जाता है। ये आख़िरी है।"

मी कागद ओढला. एकशे एकोणपन्नासानं भागलं. बाकी एकशे अठरा. पुन्हा भागलं. एकशे अठरा! मग फोनवर भागलं, तर त्या मेल्यानं पूर्णांकापुढे टिंब देऊन आकड्यांची रांग लावली. तासाची घंटा झाली, पोरं वर्गात गोंगाट करत होती, आणि मी जागची उठले नाही. एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती. सर टोकावर पोचले होते. वर जिनाच नव्हता, इतक्या टोकावर! मी त्यांना खाली ओढलं. आणि वर त्यांच्याकडून पाया पडून घेतलं.

तीन आठवडे मी सांगायला गेले नाही. का लपवू? वाटलं, कोणाला कळणार आहे? सर ब्याऐंशीचे. आता सांगून त्यांना काय मिळणार, दुःखच ना. मी चांगल्या चांगल्या कारणांची माळ ओवत बसले, आणि एका दुपारी पोळी लाटता लाटता स्वतःलाच म्हणाले, एक्क्याण्णव! तशीच गॅस बंद करून निघाले.

दार काकूंनी उघडलं. वाकल्या आहेत आता, पण आवाज तोच. मी ओट्यावरच सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होत गेला.

"नको सांगू त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "तुला माहीत नाही. त्या दिवसापासून काम आणि शिकवणी सोडली तर या माणसानं आकड्याकडे पाहिलं नाही. कॅलेंडरचं पान मी उलटते. लाइटचं मीटर मी वाचते. औषधाच्या गोळ्यासुद्धा मोजत नाहीत, मी हातावर ठेवते त्या खातात. सुरुवातीला पाच-सहा महिने तर घरी असले की नुसते पडून असायचे. कामापुरते आणि शिकवणीपुरते उठायचे. पोरांना कशाला सांगायचं म्हणून बोलले नाही मी. आता कुठं शांत आहेत. मेलेलं उकरू नको, बाई."

आम्ही सगळे म्हणत होतो, सुधारले!

"कोण आहे?" आतून सरांचा आवाज आला. "काय सांगून राहिली ते?"

काकूंनी मान हलवली, नको नको. मी त्यांचा हात सोडवला आणि आत गेले. सर खाटेवर बसले होते, चष्मा उशीपाशी. मी उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर बोलता आलं नसतं. "सर, तुमचा नंबर तुटला नव्हता. माझी बाकी चुकली होती."

सरांनी माझ्याकडे मान वळवली. मग विचारलं, "तुले कोणी सांगितलं?"

"फोननं."

"फोननं कागद दाखवला?"

"नाही, पण मी स्वतः..."

"पेटी काढ," ते काकूंना म्हणाले.

खाटेखालून पत्र्याची पेटी निघाली. काकूंनी ती इतक्या वर्षांत रद्दीत का नाही घातली, मला माहीत नाही. माझा कागद सगळ्यात वर होता, त्याच्यानंतर कोणी ठेवलाच नव्हता. सरांनी चष्मा लावला. मला वाटलं आता सगळा भागाकार वाचतील. त्यांनी नुसतं उत्तर पाहिलं, चार लाख शहाण्णव हजार दोनशे सदतीस, आणि ओठ हलायला लागले. "सात सत्ते एकोणपन्नास... सहाला शून्य... बासष्टाला आठ... त्रेसष्टाला नऊ... साताला एक."

ते थांबले.

"याला सातानं भाग जाते," ते म्हणाले.

मला कळायला एक क्षण लागला. भागाकाराला सातानं भाग जातो तर मोठ्या नंबरालाही सातानं जायलाच हवा! आणि सात तर त्यांनी पहिल्या दिवशी, स्वतःच्या हातानं केला होता. बाकी दोन आली होती. म्हणजे माझा कागद खोटा आहे हे त्या कागदावरच लिहिलेलं होतं. सत्तावीस वर्षं. त्यांच्याच खाटेखाली.

सर आता वरचा नंबर बोटानं वाचत होते. शेवटावर बोट थांबलं. मी एकशे तेहतिसाच्या जागी तीनशे तेरा उतरवले होते. तीन आणि एकाची अदलाबदल. म्हणून तर वजाबाक्या दहादा तपासूनही मला शून्यच मिळत होतं. आणि ताळा कसा बोंबलणार? आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या, बेरीज तीच!

"आख्खी नोकरी मी हेच पाह्यलं," सर म्हणाले. "दोन आकडे उलटे झाले का डबा भलत्या गावी जाते. वीस पोट्टे माझ्या हाताखाली तयार केले मी, आकडे उलटे नका लिहू म्हणून. आणि घरात... एक मिनिट! एक मिनिट पाह्यला असता कागद!"

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं. "मला माफ करा."

"तू बारा वर्षाची होतीस. तुही काय चूक?" ते एकदम ओरडले, आणि काकू दचकल्या. "पाया पडायची घाई मले झाली होती. मोठेपणा! नंबराले काहीच झालं नव्हतं. तो उभाच होता तिथं. पडलो मी."

मी त्यांना सांगितलं, की हा नंबर शेवटचा आहे, याच्यापुढे नववा आकडा लागतच नाही, तुम्ही पार टोकाला गेला होतात. वाटलं होतं याने तरी बरं वाटेल. त्यांनी फक्त विचारलं, "हेही फोननंच सांगितलं?" आणि पेटीतल्या गठ्ठ्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "आणि हे?"

"हे काय, सर?"

"हे बाकीचे. हेही मी ताळ्यावरच सोडले ना."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा एक कागद ताळ्यातून निसटला, तर त्या ढिगातले किती निसटले असतील? शून्य असताना किती पोरांनी भलतीच बाकी लिहिली असेल? आमच्यापुरतं काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. बावीस वर्षं, अर्धा पारा, आणि हातात एक कागद भरवशाचा नाही! मी म्हटलं, "सर, जाऊ द्या ना. मूळ आहे हे तर कळलं. जग म्हणतं ते."

"जग म्हणते," सर म्हणाले. "मी कुठं पाह्यलं?"

त्यांनी काकूंकडून कोरा कागद मागून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. "एकशे एकोणपन्नास कर. इथं बसून."

मी सतरंजीवर मांडी घालून बसले. नंबर उतरवला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. एकोणचाळीस वर्षांची बाई, रोज चार वर्ग शिकवते, आणि वजाबाकी करताना जीभ दातांत धरलेली. भागाकार चार लाख शहाण्णव हजार दोनशे पस्तीस, बाकी एकशे अठरा. कागद त्यांच्या हातात दिला आणि जुन्या सवयीनं त्यांच्या बोटांकडे पाहत राहिले, आता ताळा करतील म्हणून.

सरांनी ताळा केला नाही. पेन्सिल घेतली आणि कागदाच्या खालच्या अर्ध्यात गुणाकार मांडला. चार नऊ सहा दोन तीन पाच, खाली एकशे एकोणपन्नास. आकडे वाकडे पडत होते, हातच्याचे आकडे ते डोक्यावर बारीक लिहीत होते. नवाची ओळ झाली. चाराची झाली. एकाची झाली. मी जवळ सरकून बघत होते, ते माझा कागद खरा की खोटा ते तपासत होते, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या शब्दाला काडीची किंमत न देता. त्यांनी बेरीज केली, त्यात एकशे अठरा मिळवले, आणि उत्तरावर बोट ठेवून उजवीकडून डावीकडे, मग डावीकडून उजवीकडे वाचलं. सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन.

मला एवढं हलकं वाटलं की मी हुंदके देऊन रडायला लागले. काकू पाणी घेऊन धावल्या, पोरी काय झालं, पोरी काय झालं करत.

"रडू दे तिले," सर कागदावरून मान वर न करता म्हणाले. "तू पेटीतला पुढचा कागद काढ."